एकशे चाळीसची रेघ

वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांच्या रांगेत, अमरावती रस्त्याला लागून, कवडू मिस्त्रीचं टिनाचं शेड होतं. शेडच्या खांबाला एक रक्तदाब मोजायचं यंत्र टांगलेलं असे. डॉक्टरांच्या टेबलावर असतं तसलंच, उभ्या नळीतल्या पाऱ्याचं. त्या नळीवर एकशे चाळीसच्या आकड्याशी कानशीने ओढलेली एक बारीक रेघ होती. डिझेल भरून झालं, चहा पिऊन झाला, की नवा ड्रायव्हर हमखास विचारायचा.

"मिस्त्री, तुमाले बीपी हाय का जी?"

"मले नाही," कवडू मान वर न करता म्हणायचा, "गाडीले हाय."

शेडमध्ये हशा व्हायचा. हसणाऱ्यांना एवढंच ठाऊक नसायचं की मिस्त्रीने थट्टा केलेली नाही.

ही हकिगत वाडीत निरनिराळ्या तऱ्हेने सांगितली जाते. संत्र्यांचे व्यापारी चंपतराव ती सांगतच नाहीत, विषय निघाला की त्यांना घरी काम आठवतं. त्यांचे साडू भैयाजी फार रंगवून सांगतात, कारण त्यांच्या हकिगतीत शर्यत तेच जिंकतात. पण खरी हकिगत कवडूच्या बाजूने बघायला हवी, आणि ती सुरू होते उमरेडला, तो जन्मला त्या दुपारी.

कवडूचा बाप नत्थूजी कोष्टी. घरात माग, मागावर लुगडं, आणि पाळणा रिकामा. आधीचे चार मुलगे बारशापर्यंतही टिकले नव्हते. पाचवा झाला तो निळाच. रडेना, हलेना. भागीरथा नावाची सुईण होती. तिने पोराच्या तोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि फुंकलं. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्यांदा पोराने असा टाहो फोडला की शेजारच्या घरातला माग थांबला.

मग रीत झाली. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, त्या घरचं लेकरू सुपात घालायचं आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या सुईणीला विकायचं. किंमत एक कवडी. मरण शोधत आलंच, तर या घरी लेकरू नाही, ते विकलेलं. सुईणीकडे जाऊन चौकशी केली, तर तिला झालेलं नाही. असं त्याला घोळात घालायचं. म्हणून नाव कवडू. पुढे लग्नाच्या वेळी आईबापांनी सुईणीची कवडी तिच्या हातावर परत ठेवायची, लुगडं-चोळी नेसवायची, आणि लेकरू रीतसर मागून घ्यायचं.

कवडूच्या लग्नात नेमकं तेवढंच राहिलं. कोणी म्हणतात पंगतीत भागीरथेच्या पानावर वरण उशिरा आलं, कोणी म्हणतात नत्थूजी तिच्या गुडाखूच्या, म्हणजे दातांना घासायच्या तंबाखूच्या, व्यसनावरून काही बोलला. ती भरल्या पानावरून उठली ती गेलीच. कवडी काळ्या दोऱ्यात कवडूच्या गळ्यात राहिली. दाढीमिशांचा बाप्या झाला, बापही वारला, तरी मालकी भागीरथेकडेच.

उमरेडचे माग बसले तसा कवडू वाडीला आला, ट्रका पुसता पुसता डिझेल इंजिनाचा मिस्त्री झाला. बोटं मात्र कोष्ट्याचीच राहिली. बापाने मागावर ताणलेल्या सुतावर बोट मारून आवाजावरून ताण ओळखायला शिकवलं होतं. कवडू स्प्रिंगवर तसंच बोट मारायचा, नळीवर मारायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "अर्धा आटा ढिली हाय." नेमका अर्धाच आटा ढिली निघायची.

आणि एका उन्हाळ्यात म्हातारी भागीरथा बोचकं घेऊन वाडीच्या शेडपुढे येऊन उभी राहिली.

"लुगड्याची वेळ गेली गा तुह्या बापाची," ती म्हणाली, "आता भाकर दे."

कवडूची बायको रुख्माबाई. तिने काही न विचारता कडुलिंबाखाली बाज टाकून दिली. त्या दिवसापासून भागीरथा त्या बाजेवर बसून गुडाखू घासायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या ड्रायव्हरांच्या बायकांची चौकशी करायची. कवडू तिला भागीमाय म्हणायचा.

आता चंपतराव. यांच्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये एका जुन्या व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. मोटार चालायची झकास, पण चढ आला की म्हशीसारखी बसायला बघायची. भैयाजींकडे परदेशी बनावटीची पेट्रोलची मोटार. त्र्याऐंशी साली तळेगावच्या एका साखरपुड्याला दोघे साडू आपापल्या गाडीतून निघाले. कोंढाळीच्या पुढच्या चढावर भैयाजी हॉर्न वाजवत पुढे गेले, आणि जाता जाता त्यांच्या मंडळींनी खिडकीतून संत्र्याची साल भिरकावली. ती चंपतरावांच्या पुढच्या काचेवर येऊन चिकटली. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या काचेवर संत्र्याची साल. बाजूला बायको शोभाताई बसलेली. ती नुसती सालीकडे बघत राहिली. चंपतरावांना तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी ते कवडूकडे आले.

"मिस्त्री, काल साखरपुडा झाला त्या पोरीचं वैशाखात लग्न हाय. तोच रस्ता, तोच चढ. मले भैयाजीच्या पुढं जायचं हाय. काहीबी कर."

कवडूने खोक्यातून नारळाएवढं एक लोखंडी बोंड काढलं. उमरेडकडच्या खाणीच्या भंगारात, एका पंपाच्या इंजिनावरचं मिळालं होतं. टर्बो. कवडू त्याला फुंकणी म्हणायचा. चुलीतल्या जाळाला बाई फुंकणीने वारा घालते तसंच काम. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक पातं फिरवतो, त्या जोरावर दुसरं पातं बाहेरची हवा इंजिनाच्या तोंडात कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त, तर ताकद जास्त. हवेचा दाब फार झाला तर जास्तीचा धूर पात्याला न लागता परस्पर सुटावा म्हणून एक झडप असते, आणि झडपेला स्प्रिंग. सगळी मेख त्या स्प्रिंगमध्ये. ढिली ठेवली तर फुंकणी फुंकत नाही. कसली तर इंजिन फुटतं.

पहिलं इंजिन पंधरा दिवसांत गेलं. चाकातली हवा बघायच्या मीटरने दाब मोजायला गेले, तर एवढ्याशा दाबाला त्याचा काटा हलेचना. कवडूने कानाने ठरवलं आणि गोंडखैरीजवळ पिस्टनला भोक पडलं.

मग धंतोलीच्या एका डॉक्टरांची मोटार दुरुस्त केली तेव्हा त्यांच्या अडगळीतलं हे रक्तदाबाचं यंत्र कवडूने मागून आणलं. काटेकोर पारा, तीनशेपर्यंत आकडे. रबरी नळी इंजिनाच्या हवेच्या नळीला जोडली, पारा उडू नये म्हणून ती जरा चिमटून बांधली, आणि यंत्र चालकाशेजारी डॅशबोर्डावर उभं केलं. आता दाब दिसत होता. पण किती हवा, ते कोण सांगणार? कवडूने दोनशे वीसपर्यंत नेला. दुसरं इंजिन हेडपासून दुभंगलं, त्याचा आवाज वाडीच्या नाक्यावर ऐकू आला. ट्रकवाले कवडूला फुंकणीवाला म्हणायला लागले.

तिसरं इंजिन बांधून झालं त्या दुपारी कवडू डोक्याला हात लावून बसला होता. रुख्माबाई चहा घेऊन आली आणि बोलून गेली.

"आयकता का जी, दोन गेली. आता हे तिसरं तुमच्यासारखं इकून टाका भागीमायले. जगन तरी."

ती थट्टेत बोलली होती. बाजेवरच्या भागीरथेचं गुडाखू घासणारं बोट थांबलं.

"सूप आण वं," ती म्हणाली.

चंपतराव आधी हसले, मग भैयाजींची आठवण झाली तसे गंभीर झाले. पांढऱ्या धोतरातले चंपतराव सुपात टर्बो घेऊन शेडच्या उंबऱ्याशी उभे राहिले, समोर भागीरथा पदर पसरून. पलीकडच्या गोदामातले हमाल पोती टाकून बघायला आले. तेव्हा ध्यानात आलं, की कवडीच नाही. वाडीत डिझेल मिळतं, ताडपत्री मिळते, कवडी कुठली मिळायला.

कवडूने गळ्यातला काळा दोरा तोडला.

"अवो, ते तुमची हाय ना!" रुख्माबाई चमकली. "तुमच्या जीवाची हाय ते!"

"कवडी ते कवडी. हिची तिची काय असते?"

मिस्त्री माणूस, सुटा भाग कोणत्याही गाडीचा कोणत्याही गाडीला लावणारा. त्याने कवडी भागीरथेच्या तळहातावर ठेवली. तिने ती डोळ्याजवळ नेली, बोटाने उलटी केली, बराच वेळ बघितली.

"लेकरं दोन अन् कवडी एकच," ती म्हणाली. "पाह्य बाप्पा. तूच म्हणतं म्हणून."

कवडी चंपतरावांच्या खिशात गेली, टर्बो भागीरथेच्या पदरात. तो जड होता, तरी तिने तो लेकरासारखा छातीशी धरला.

"हे काय करते गा कवडू?"

"इंजिनाच्या तोंडात हवा फुकते, भागीमाय."

"किती फुकते?"

"तेच तं समजत नाही ना."

म्हातारी खुदकन हसली. "मंग मले इचारलं नाही काहून? तुह्या तोंडात मी फुकलं तं गालातली हवा फुकली. छातीतली नाही. छातीतली फुकली असती तं फाटला असता तू तिथंच. लेकराले गालाचीच हवा द्या लागते. आण ते नळी."

तिने रबरी नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि फुंकलं. पारा सरसर चढला आणि एकशे चाळीसवर उभा राहिला. ऐंशी वर्षांची बाई, तोंडात दात नाही. हमालांनी वा वा केलं. तिने नळी तोंडातून काढली. पारा तिथेच उभा होता. नळी तिच्या मांडीवर पडलेली, तोंड उघडं, आणि पारा एकशे चाळीसवर. हमाल जवळ सरकून बघू लागले. मग तो सावकाश, एकेक आकडा मोजल्यासारखा, खाली आला.

"नळी मुडपली असन," कवडू म्हणाला. त्याने कानस घेतली आणि काचेवर रेघ ओढली.

स्प्रिंग त्या रेघेला लावायला त्याला दोन दिवस लागले. बोट मारायचं, ऐकायचं, पाव आटा कसायचा, मोटार रस्त्यावर न्यायची, पारा बघायचा. शेवटी अशी बसली की दाब रेघेला टेकायचा आणि ओलांडायचा नाही. पंपाचा स्क्रू थोडा सोडून डिझेल बेताचं वाढवलं. मोटार अशी पळाली, की चंपतरावांनी बाजारगावपर्यंत एकट्याने गाणी म्हटली. आणि टर्बोची ती बारीक शीळ, कोणी ओठ आवळून वारा सोडावा तशी, गाडीच्या पुढे पुढे जायची.

पहिल्यांदा ही गोष्ट रुख्माबाईच्या लक्षात आली. गाडी फेरीवर गेली की इकडे भागीरथा गुडाखू घासायची थांबे. गाल फुगायचे, बसायचे, फुगायचे. ओठांतून बारीक शीळ निघायची.

"अशी काहून करून राहिली वं भागीमाय?"

"फुकून राहिली ना," म्हातारी डोळे न उघडता म्हणायची. "लेकरू चढावर हाय."

गाडी शेडमध्ये परतली की ती घामाघूम होऊन पाणी मागायची. रुख्माबाईने कवडूला सांगितलं, कवडूने तिला वेड्यात काढलं.

मग एका दुपारी बारा वाजता, ऊन पत्र्यावर तापलेलं असताना, कवडू मोटारीत बसून पाना शोधत होता. इंजिन सकाळपासून बंद. त्याची नजर यंत्रावर गेली. पारा शून्यावर नव्हता. ऐंशीच्या आसपास उभा होता, आणि हलत होता. जरा वर, जरा खाली. जरा वर, जरा खाली. कवडूने नळी हलवली, बॉनेट उघडलं, जोड तपासला. पारा त्याच्या चालीने हलत राहिला.

कडुलिंबाखाली भागीरथा झोपली होती. कवडू मोटारीचं दार उघडं ठेवून बाजेशी गेला, तिचं मनगट धरलं, आणि तिथून काचेतून पाऱ्याकडे बघत बसला. बोटाखाली ठोका, काचेत पारा. ठोका, पारा. मध्येच म्हातारीला उचकी लागली. काचेत पाराही एकदा टुणकन उडाला.

कवडूच्या हाताला मुंग्या आल्या. मागावर बाप एका टोकाला बोट मारायचा, तेव्हा दुसऱ्या टोकाला असाच हलका धक्का लागायचा. सूत एकच असलं म्हणजे असं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिला धंतोलीला घेऊन गेला. डॉक्टरांनी आपल्या यंत्राने तपासलं.

"वरचा एकशे चाळीस. या वयाला ठीक आहे."

"एकशे चाळीसच्या वर नेला तं?" कवडूने विचारलं.

"कोण नेणार वर?" डॉक्टर हसले.

"हाच," भागीरथेने कवडूकडे हनुवटी केली. "मीठ खाल्ल्यानं वाढते म्हणता असान तुमी, पण हाच नेईन एखाद्या दिवशी."

त्या दिवसापासून कवडूला एकच काळजी. रेघ ओलांडली की भागीमाय गेली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. त्याने झडपेच्या नटावर तार आवळून बांधली, गाठीला शिसं लावलं आणि चंपतरावांना बजावलं, "याले हात लावाचा नाही. भैयाजीच्या बरोबरीनं जासान. पुढं जायची हाव ठेवू नका. रेघ वलांडली तं भागीमायचा दम जाईन."

"बरोबरीनं जाऊन काय पूजा करू?" चंपतराव म्हणाले. "अन् त्या बुढीच्या दम्याचा माह्या गाडीशी काय संबंध?"

कवडूला टर्बो काढूनच टाकायचा होता. पण विकत घेतलेली वस्तू मालकिणीला विचारल्याशिवाय काढायची कशी? आणि भागीरथा ऐकेना. "लग्न होऊ दे. लेकराले लग्नाले जाऊ दे. मंग पाहू." कवडूने एवढं केलं, की लग्नाला आपणही चंपतरावांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून निघाला. नजर पाऱ्यावर.

वैशाखातली सकाळ. मागे शोभाताई, अंगावर जरीचा शालू, मांडीवर आहेराची पिशवी. बाजारगाव गेलं, कोंढाळी गेली. पुढे भैयाजींची गाडी दिसली तसं चंपतरावांनी पाय दाबला. चढ लागला. शीळ वाढली. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस, रेघेवर. कवडूने श्वास रोखला. आता थांबेल.

पारा रेघेवरून वर गेला.

"चंपतराव," कवडू ओरडला, "तार कोणं तोडली?"

"दोनच आटे कसले ना बाप्पा! तार पुन्हा बांधली तशीच!"

एकशे साठ. दोन्ही मोटारी जोडीने पळत होत्या, भैयाजींच्या मंडळींचं तोंड खिडकीत उघडं राहिलेलं. मागून शोभाताई पहिल्यांदाच बोलली, "जाऊ द्या पुढं!" एकशे ऐंशी. शीळ आता शीळ राहिली नव्हती. तिच्यात घरघर होती, बसलेल्या छातीतून ओढून काढलेली, आणि त्या घरघरीत कवडूला स्पष्ट ऐकू आलं, की हा वारा गालातला नाही. छातीतला आहे. म्हातारी छाती रिकामी करून राहिली होती.

दोनशे दहा. चंपतरावांचं बॉनेट भैयाजींच्या पुढे हातभर निघालं.

कवडूने वाकून इंजिन बंद करायची दांडी खस्सकन ओढली.

मोटार चढावर चार हात घरंगळून थांबली. भैयाजी हॉर्न वाजवत निघून गेले, यावेळी सालीची गरज पडली नाही. चंपतराव ओरडत होते, शोभाताई काही म्हणत होती, कवडूला काही ऐकू येत नव्हतं. इंजिन थांबलं होतं आणि पारा दोनशे दहावर तसाच उभा होता. त्याने नळी यंत्रातून उपटली. आता पाऱ्याला कशाचाच आधार नव्हता, तरी तो उभा. आणि उपटलेल्या नळीच्या तोंडातून ऊन, ओलसर वारा यायला लागला. येतच राहिला. एवढा वारा त्या नळीत मावायला जागाच नव्हती.

चंपतराव ओरडता ओरडता थांबले. नाक वर केलं.

"मिस्त्री... गुडाखूचा वास कुठून येऊन राहिला गा?"

वारा संपला. पारा पडायला लागला. एकशे पन्नास. शंभर. साठ. हलत नव्हता, ठोका नव्हता, नुसता पडत होता. वीस. दहा.

कवडूने नळी तोंडात धरली. छाती भरून आली होती, सगळी रिकामी करावीशी वाटत होती. त्याने छाती आवळून धरली, गाल फुगवले आणि फुंकलं. गालातलीच हवा. एकदा. दोनदा.

"अगं बाई," मागून शोभाताई पुटपुटली, "हा गाडीले फुकून काहून राहिला?"

पाच. सहा. सात. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चढावर दुसरी गाडी नव्हती. आठव्यांदा फुंकलं तेव्हा, कशालाही न जोडलेल्या त्या यंत्रातला पारा हलला. जरा वर, जरा खाली. मग वर. तीस. सत्तर. चढत चढत एकशे चाळीसच्या रेघेला टेकला आणि तिथे हलकासा उडत राहिला.

चंपतरावांनी खाली उतरून बॉनेट उघडलं. मागे फिरवायला सांगायच्या आधीच त्यांनी झडपेचे दोन आटे सैल केले आणि गाडी मागे फिरवली. लग्नाला शोभाताईच्या शालूसह कोणी पोचलं नाही.

वाडीच्या शेडपुढे बायका जमल्या होत्या. रुख्माबाईचे डोळे रडून सुजलेले. तिने सांगितलं ते असं. साडेदहाच्या सुमाराला म्हातारी बाजेवर ताठ उठून बसली, गाल सोडून छातीने फुंकायला लागली, थांबता थांबेना. शेवटी एक लांबच लांब श्वास सोडला आणि आडवी झाली. नाकापुढे सूत धरलं, हललं नाही. तोंडात तुळशीचं पान घालायला कोणी तोंड उघडलं, तर गाल आपोआप फुगले. बाहेरून कोणी वारा भरावा तसे. बायका किंचाळून दूर झाल्या. सात-आठ वेळा फुगले आणि म्हातारीने डोळे उघडले.

ती आता बाजेवर बसून पाणी पीत होती. कवडू दिसताच तिने भांडं खाली ठेवलं.

"तू फुकून राहिला होता ना बे?"

कवडूने मान हलवली.

"बिडी वढून आला होता. तोंड धुवाले काय झालं होतं तुले?"

संध्याकाळच्या आत रीत पुरी करायची ठरली. चंपतरावांनी खिशातून कवडी काढून दिली, आणि कवडूने सीताबर्डीहून हिरवं लुगडं आणि चोळी आणली. भागीरथेने लुगडं मांडीवर घेतलं, पोत चाचपला, "मागावरचं नाही," म्हणाली, आणि तळहात पुढे केला. कवडूने त्यावर कवडी ठेवली.

"घेताना एका कवडीत दोन घेतले," ती म्हणाली. "वापस एकच भेटन. बोल, कोणतं नेतं? तुले नेतं का त्याले?"

रुख्माबाईने नवऱ्याचा सदरा मागून धरला. तो काय म्हणेल याची तिला धास्ती होती, ते तिच्या मुठीवरून कळत होतं. कवडूने टर्बोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"त्याले," तो म्हणाला. "मी राहतो तुह्याकडं."

भागीरथेने कवडी लुगड्याच्या गाठीत बांधली आणि गाल फुगवून हसली.

टर्बो असा चंपतरावांचा झाला, आणि चंपतराव शहाणे झाले नाहीत. कवडूने हात लावायला नकार दिला, तर दुसऱ्या मिस्त्रीकडून दोनशेवर कसून घेतला. आठ दिवसांत इंजिन फुटलं. कवडूच्या आधीच्या चार भावांसारखं तेही गेलं, आता त्याला विकत घेणारं कोणी नव्हतं. इकडे बाजेवर भागीरथा निवांत गुडाखू घासत होती, तिला उचकीही लागली नाही.

यंत्र तेवढं कवडूने मागून घेतलं आणि शेडच्या खांबाला टांगलं. नळी नाही, गाडी नाही, कशाचा कशाशी जोड नाही. पुढे कितीतरी ट्रकांना कारखान्यातूनच टर्बो लागून आले. ड्रायव्हर म्हणायचे, मिस्त्री, जरा कसून द्या, चढावर जीव जाते गाडीचा. कवडू खांबाकडे बघायचा आणि नाही म्हणायचा.

भागीरथा सत्त्याऐंशीच्या थंडीत गेली. दुपारी, झोपेत, कसलाही त्रास न होता. रुख्माबाई हाक मारायला धावत आली तर कवडू आधीच हातातला पाना खाली ठेवून खांबापुढे उभा. पारा शून्यावर गेला होता. दोघं बघत राहिली. मग तो पुन्हा हलला. रेघेपर्यंत चढला आणि तिथे हलकासा उडायला लागला. रुख्माबाईने हळूच नवऱ्याचं मनगट धरलं आणि पाऱ्याकडे बघितलं. बोटाखाली ठोका, काचेत पारा. मग तिने मनगट सोडलं.

बिडी मात्र कवडूने कोंढाळीच्या त्या चढापासूनच सोडली होती. कोणी पुढे केली तर म्हणायचा, "नको बाप्पा. कोणाच्या तोंडात कधी फुका लागन, काय सांगता येते?"